एका आठीची वाट

पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात यांतला फरक लांबूनही कळतो. लिहिणारा हात ओळीने पुढे सरकत जातो. चित्र काढणारा थांबतो, मागे येतो, पुन्हा त्याच जागी घुटमळतो, आणि मान सारखी वर-खाली होत राहते. काचेपलीकडची ती नर्स चित्र काढत होती. आणि जिच्याकडे बघून काढत होती, ती माझी पाच तासांची नात होती.

त्या सकाळी माझ्या लेकीचं बाळंतपण अडलं. बाळ बाहेर आलं ते रडलं नाही. जावयाने घड्याळ लावून पाहिलं होतं, बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला कुठे त्याने पहिला श्वास घेतला, तोही मांजराच्या पिल्लाएवढा. मग सगळी धावपळ, आणि बाळ तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात विभागात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून समजावून सांगितलं. मेंदूला काही वेळ प्राणवायू कमी पडलाय. त्याचा मार नंतरच्या तासांत पसरत जातो. तो पसरू नये म्हणून बाळाला तीन दिवस गार ठेवायचं.

"गार?" मी म्हटलं.

"साडेतेहतीस अंशांवर. तुम्ही-आम्ही सदतीस असतो. खाली गादी आहे, तिच्यातून थंड पाणी फिरतं. बहात्तर तास. मग हळूहळू ऊब."

जन्मभर मी मुलांच्या स्वेटरची वरची बटणं लावत आले. पावसात भिजून आलेल्यांना टॉवेल दिले. आणि आता माझ्या रक्ताचं पहिलं नातवंड उघडं, फक्त लंगोटावर, गार पाण्याच्या गादीवर ठेवलेलं मी काचेतून बघत होते. आणि त्याच्या उशाशी एक बाई चित्रं काढत बसली होती!

मी काचेवर टकटक केलं. जोरातच.

ती बाहेर आली. पन्नाशीची, ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी, इतकी खोल की तिच्यात पेन्सिल उभी राहील.

"शाळेत शिकवायचात ना?" ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"असं टकटक फक्त टेबलावर डस्टरने करतात, बाई. बोला. काय झालं?"

"माझी नात तिथे जीव मुठीत धरून आहे, आणि तुम्ही चित्र काढताय."

ती रागावली नाही. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, एखाद्या नव्या विद्यार्थ्याला न्याहाळावं तसं. मग म्हणाली, "वही बघायची असेल तर हात धुऊन या. कोपरापर्यंत. बांगड्या, घड्याळ काढून. आणि रडायचं असेल ते आधी बाहेर रडून घ्या. आत फार गर्दी आहे यंत्रांची."

मी हात धुतले. रडणं बाकी राहिलं.

वही साधी दोनशे पानी, शाळकरी. पानावर चार चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. चित्रं, खरं सांगायचं तर, फार वाईट होती. नाकं बटाट्यासारखी, कान एक वर एक खाली. मी दहापैकी तीन दिले असते. पण कपाळं! प्रत्येक कपाळ निराळं होतं. एकावर काहीच नाही. एकावर भुवयांच्या मध्ये हलकी रेघ. तिसऱ्यावर तीन रेघा, नाकाच्या दोन्ही बाजूंना खाच, ओठ चौकोनी. खाली वेळ आणि एकेक शब्द: निजलेली. कूस बदलताना. टाचेला सुई.

"हिला अजून बोलता येत नाही," ती म्हणाली, "आणि गार असल्यामुळे धड रडताही येत नाही. तोंडात आवाज नाही. मग दुखतंय हे सांगणार कशाने? कपाळाने. पण प्रत्येकाचं कपाळ वेगळं हो. काही बाळं जन्मतःच त्रासलेली असतात, माझ्यासारखी. म्हणून पहिल्याच दिवशी हिचं निवांत कपाळ कसं, दुखरं कपाळ कसं, ते काढून ठेवायचं. उद्या लक्षात राहत नाही."

"आणि हे आकडे?"

पानाच्या कडेला आकडे होते, छापल्यासारखे. चित्रांचा हात आणि आकड्यांचा हात एकाच माणसाचा वाटू नये असे. दुखू नये म्हणून जे मॉर्फिन नळीतून थेंबाथेंबाने चाललं होतं, त्याचे ते हिशेब. बाळाचं वजन दोन किलो नऊशे. औषध मायक्रोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. अशा हातावरच्या बोटांनी मोजता येतील इतक्या भागांवर माझी नात शांत राहणार होती. 

जुनी खोड मात्र जाता जात नाही. मी म्हटलं, "इथे दशांशचिन्हाआधी शून्य कशाला? ते नाही लिहिलं तरी चालतं. आणि इथे पाच पूर्णांक शून्य हवं होतं, मागच्या ओळीत एक घर दिलंय तर इथेही द्यायला हवं."

"तुमच्याकडे त्याला पूर्ण मार्क मिळतात, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडे ठिपका पुसट झाला तर पाचाचे पन्नास होतात, आणि बाळाला दहापट जातं. ठिपक्याआधी शून्य असलंच पाहिजे. आणि ठिपक्यानंतर नुसतं शून्य असता कामा नये."

किती वर्षं मी मुलांकडून ते ठिपक्यानंतरचं शून्य घालून घेतलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा एका ठिपक्याची मला भीती वाटली.

बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "आई, त्या बाईंना इथे सगळे आठीताई म्हणतात. तोंडावर."

"आणि त्या काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, ही आठी पगारी आहे."

त्या सबंध दिवसात तेवढंच आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी आठीताईंची आठवड्याची सुट्टी होती. त्यांच्या जागी एक गोड मुलगी होती, चष्मेवाली, बोलायला लाघवी. नात त्या दिवशी अस्वस्थ होती. हातपाय थरथरायचे, कुडकुडल्यासारखे. कुडकुडणं वाईट, कारण त्याने अंग तापतं आणि सगळा गारवा फुकट जातो. पायाच्या शिरेत नवी नळी घालायची होती, तेव्हा तिचं तोंड उघडलं आणि आवाजाविना तसंच राहिलं. ते मी काचेतून पाहिलं आणि पाठ फिरवली. चष्मेवालीच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिने डॉक्टरांना विचारून मॉर्फिन वाढवलं. दुपारी पुन्हा थोडं. तक्त्यात बसत होतं. भिंतीवर जो तक्ता होता त्याप्रमाणे अजून जागाही होती. नात शांत झाली. मी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुझं भलं होवो."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला आठीताई आल्या. मी बाकावर होतेच. आत जाऊन त्यांनी हात धुतले, बाळाजवळ गेल्या, आणि वही उघडलीच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मग घड्याळ काढून बाळाच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. पुन्हा एक मिनिट. मग त्यांनी मला आत बोलावलं.

"बाई, कशी दिसते?"

"शांत," मी म्हटलं. खरंच, कपाळ कसं स्वच्छ होतं, धुतलेल्या पाटीसारखं.

"फार शांत," आठीताई म्हणाल्या.

टाचेतून रक्त घ्यायची वेळ झाली होती. सुई टोचली. कपाळावर काही उमटलं नाही. पाय मागे गेला नाही. मिनिटाला बावीसच श्वास, नवजात बाळाचे चाळीस तरी हवेत, आणि मध्येच छाती थांबायची, आपला श्वास अडकेपर्यंत, मग पुन्हा हलायची.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं, पडद्यावरच्या मेंदूच्या लहरी बघितल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनाची तयारी ठेवा. मेंदूचा मार वाढलेला असू शकतो. दुखण्यालासुद्धा ती उत्तर देत नाहीये. कदाचित श्वासाचं यंत्र लावावं लागेल."

जावई खाली बसला. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसला. वरच्या मजल्यावर माझी लेक टाक्यांवर उशी दाबून पडली होती आणि दर तासाला एकच विचारत होती, "आई, ती अजून गार आहे का गं?" तिला हे कोण सांगणार होतं?

"डॉक्टर," मागून आठीताईंचा आवाज आला. "औषध किती चाललंय बघितलंत?"

"तक्त्यात आहे, ताई."

"तक्ता ऊबदार बाळांचा आहे."

"म्हणजे?"

"मोरीचं तोंड अर्धं बुजलं तर नळ तेवढाच सोडून चालतं का? हिचं यकृत साडेतेहतीस अंशांवर आहे. औषध आत येतंय तितकंच, बाहेर जायला तिप्पट वेळ लागतोय. परवापासून साठत साठत आलंय. वरून काल दोनदा वाढवलंय. ही बेशुद्ध नाही हो. ही तुंबलीय."

डॉक्टरीणबाई पेचात पडल्या. अजून तिशीही गाठली नव्हती त्यांनी. "आणि मी ते थांबवलं, आणि ती आतून कळवळत असेल तर? उत्तर न देणं म्हणजे न दुखणं नव्हे, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं. म्हणूनच म्हणते." त्यांनी वही उघडून पुढे धरली. "परवा दुपारी एकला, टाचेला सुई. तीन रेघा. मार बसल्यानंतरचं कपाळ आहे हे, आधीचं नव्हे. मार परवाच बसला होता, तरी ही कपाळाला आठ्या घालत होती. मधल्या काळात बदललं काय? औषध."

"मेंदूची सूजही बदलू शकते, ताई."

"शकते," आठीताई म्हणाल्या. आवाज खाली आला. "ते मला नाही माहीत. एकदा डोळ्यांच्या बाहुल्या बघा. मॉर्फिन साठलं की त्या बारीक होतात."

डॉक्टरीणबाईंनी बारीक बॅटरी घेतली, पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. खूप वेळ "हो सर, नाही सर, वही दाखवली त्यांनी" असं चाललं. सकाळी साडेआठला नळी बंद झाली. श्वासाचं यंत्र उशाशी आणून ठेवलं, तयार. ठरलं असं की दुपारपर्यंत वाट बघायची. औषध उतरलं आणि कपाळ जागं झालं, तर औषधच होतं. नाही झालं, तर मग दुसरं.

म्हणजे आता सगळं एका आठीवर येऊन ठेपलं होतं.

मला दार लोटून बाहेर पाठवायला हवं होतं, पण कोणी पाठवलं नाही. आठीताईंनी मला एका उंच स्टुलावर बसवलं. "मिनिटाचे श्वास मोजता येतील ना? हजेरी घेतल्यासारखे. पडद्यावर आकडा येतो, पण माणसाने मोजलेला बरा."

मी मोजू लागले. बावीस. एकवीस. तेवीस. बाळाची नाडी ऐंशीच्या आसपास होती. मला ती फार कमी वाटली, तर त्या म्हणाल्या, "गार बाळाची अशीच. एकशे तीस हा आकडा ऊबदार बाळाला शोभतो. हिची एकशे तीस झाली तर समजायचं, ही ओरडतेय." मी मान हलवली. आयुष्यभर जे आकडे मी ठोकळ्यासारखे धरून चालले होते, ते इथे माणसाच्या उबेबरोबर अर्थ बदलत होते.

दहा वाजता त्या म्हणाल्या, डोळे बाळावरून न काढता, "माझ्या हातून असंच झालंय एकदा."

मी श्वास मोजत राहिले. वर्गातही मूल स्वतःहून कबूल करायला लागलं की मध्ये बोलायचं नसतं.

"गार करायची पद्धत इथे नवीन होती तेव्हाची गोष्ट. मुलगा होता. सारखा थरथरायचा. मला बघवेना. मी विचारत गेले, डॉक्टर देत गेले. तक्त्यात होतं सगळं. दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीला म्हटलं, बघ कसा झोपलाय, देवाघरचं फूल. आणि तासाभरात त्याचा श्वास थांबला. तीन दिवस यंत्रावर होता. मग घरी गेला."

"मग चांगलं झालं ना?"

"घरी गेला एवढंच माहीत आहे. पुढे विचारायचा धीर झाला नाही मला. चालतो का, बोलतो का." त्यांनी बाळाच्या टाचेखालची घडी सारखी केली. "तेव्हापासून ही वही. कालच्या त्या पोरीला मी बोलणार नाही काही. तिची माया आहे ती. माझीही मायाच होती."

पंचवीस. चोवीस. सव्वीस. अकरा वाजता मी म्हटलं, "सव्वीस," आणि त्या नुसतं "हं" म्हणाल्या. बारा वाजता अठ्ठावीस. मधले खंड लहान झाले, मग बंद झाले. बाहुल्या मसुराच्या अर्ध्या डाळीएवढ्या झाल्या. पण कपाळ? कपाळ कोरं ते कोरंच. मी त्या कपाळाकडे इतकं पाहिलं की डोळे मिटले तरी दिसायचं. रडक्या पोरांची तोंडं पुसण्यात आणि रुसलेल्यांना हसवण्यात माझा सारा जन्म गेला, आणि आता मी मनातल्या मनात म्हणत होते, बाळा, एकदा कपाळाला आठी घाल. एकदाच. वैताग. चिड. तुझ्या आजीवर चिड.

जावई काचेपलीकडून खुणेने विचारायचा. मी मान हलवायचे. तो पुन्हा फरशीवरचे चौकोन पायाने मोजत जायचा.

आठीताईंनी त्या वेळात ना चहा घेतला, ना पाठ टेकली. एक-दोनदा हात पुन्हा धुतले, एवढंच. मी म्हटलं, "तुम्ही थकला असाल." त्या म्हणाल्या, "कपाळ चुकलं तर? आठी सेकंदभर येते आणि जाते. आपण नेमके तेव्हा बिस्किट खात असतो."

दुपारी तीन वाजता टाचेतून रक्त घ्यायचं होतं. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आठीताईंनी एका हाताने बाळाचा पाय धरला, दुसऱ्या हाताने वही गुडघ्यावर ठेवली. सुई टोचली.

काही नाही.

मग, जरा उशिरा, पाण्याखालून काहीतरी वर यावं तसं, दोन भुवयांच्या मध्ये कातडी हलली. एक रेघ आली. केसाएवढी. तिच्या शेजारी दुसरी. नाकाच्या बाजूला खाच पडली, खालचा ओठ थरथरला, आणि ते दोन बोटांचं कपाळ असं काही आक्रसलं की जणू तिला साऱ्या जगाबद्दल तक्रार होती. पाय मागे गेला. घशातून आवाज आला, दार करकरल्यासारखा.

डॉक्टरीणबाई "ताई!" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

मी रडत होते. आधी बाहेर रडायचं राहून गेलेलं. इतकं लहान कपाळ, आणि त्याच्या मागे ती अख्खी होती, सगळ्या अंधारातून आणि थंडीतून येऊन तिने सांगितलं होतं की मी आहे आणि मला हे आवडलेलं नाही. मी माझ्या जन्मात इतकं मोठं काही पाहिलं नाही. डोंगर पाहिले, समुद्र पाहिला. ते इतके मोठे नव्हते.

आठीताईंनी झरझर चार रेघा ओढल्या, खाली लिहिलं: तीन वाजून दोन मिनिटं. आणि वही मिटली. "आनंद झाला ना सगळ्यांना?" त्या म्हणाल्या. "झाला. आता ती आठी पुसायची. दुखतंय तिला."

त्यांनी बाळाचे दोन्ही पाय ओंजळीत धरले, गुडघे पोटाशी घेतले आणि तसंच धरून ठेवलं. त्या ओंजळीतच बाळाचं कपाळ अर्धं सैल झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी औषध पुन्हा सुरू झालं, आधीच्या निम्म्याहून कमी. आकडा डॉक्टरीणबाईंनी लिहिला, आणि त्यांनी ठिपक्याआधी शून्य काढलं, गोल, नीट, वळणदार. आठीताईंनी ते वाचलं, पुन्हा मोठ्याने वाचलं, मग नळी उघडली.

चौथ्या दिवशी दुपारी बहात्तर तास संपले. ऊब एकदम द्यायची नसते, तासाला अर्धा अंश. लेकीला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. तिने पहिल्यांदा बोट लावलं. "गार आहे," ती म्हणाली आणि ओठ चावला. तासाने पुन्हा लावलं. "गारच." आठीताई तिच्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता हिचं यकृत जागं होतंय. आता औषध भराभर बाहेर जाईल. म्हणजे आता उलटं लक्ष ठेवायचं. तू आई आहेस, तू कपाळ बघ. तीन रेघा दिसल्या की मला हाक मार. एक दिसली तर फक्त पाय धर." लेकीने संध्याकाळपर्यंत दोनदा पाय धरले आणि एकदा हाक मारली. साडेसहाला तिने बोट लावलं आणि लगेच काढलं नाही. "आई," ती मला म्हणाली, "कोमट आहे गं."

आठीताईंची पाळी तीनला संपली होती. त्या सातला गेल्या.

पुढे आमची ओळख वाढली ती एका कागदामुळे. गार बाळांसाठी वेगळा तक्ता हवा, हे त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्यांनी एकदा चार पानं लिहूनही दिली होती. मोठ्या डॉक्टरांनी ती वाचून परत केली होती, "ताई, यात नक्की काय म्हणायचंय?" मी ती पानं बघितली. एका वाक्यात सात क्रियापदं. त्या रविवारी त्या माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि मी लाल पेन काढलं.

"बापरे," त्या म्हणाल्या. "लालच का?"

"सवय. पुढे सांगा. आधी काय बघायचं?"

"कपाळ."

"मग पहिली ओळ कपाळाची. नंतर?"

"श्वास. मग नाडी, पण गार नाडी. मग औषध, कमीतून सुरू, वाढवायच्या आधी थांबून बघायचं, कारण कालचं अजून आतच असतं. आणि ऊब देताना सगळं पुन्हा पहिल्यापासून."

पाच रविवार लागले. आकडे त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी तपासले, मग मोठ्या डॉक्टरांनी पुस्तकं उघडून तपासले, दोन बदलले. चार पानांचं एक पान झालं. त्या दिवसांत मी त्यांच्या घरीही गेले. दोन खोल्या, खिडकीत पेन्सिलींचा डबा, आणि खाटेवर त्यांचे नव्वदीचे वडील. ते गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचे. लहानपणी आकडे भरायचं काम लेकीकडे असायचं. "हिला चित्रं येत नव्हती," ते मला ओरडून म्हणाले, कारण त्यांना ऐकू कमी यायचं आणि जगालाही कमी येतं असं त्यांना वाटायचं. "घोडा काढला तर बकरी व्हायची. पण आकडा! एक आकडा चुकला तर गाडी दुसऱ्याची होते, म्हणून मी छडी घेऊन बसायचो."

"छडी नव्हती हो," आठीताई म्हणाल्या, "ब्रश होता. उलट्या बाजूने मारायचे."

"लागायचा?" मी विचारलं.

"कपाळ बघा माझं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मी त्यांची आठी हसताना पाहिली. जाते असं नाही, बाजूला सरकते.

तो कागद आता भिंतीवर आहे, ऊबदार बाळांच्या तक्त्याशेजारी. त्यावर कोणाचं नाव नाही. ते घालावं असं मी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, जागा नाही, अक्षर बारीक करावं लागेल, आणि बारीक अक्षरातला ठिपका दिसत नाही. चष्मेवाली मुलगी आता नव्या नर्सना तो कागद शिकवते, आणि सुरुवात "माझ्या हातून एकदा झालं होतं" अशी करते, असं मी ऐकलं.

नात सहा वर्षांची आहे. उशिरा चालली, पण चालली. उजव्या हाताने बटण लावताना अजून वेळ लागतो आणि कोणी मदत करायला गेलं तर तिच्या कपाळावर तीन रेघा येतात. तेव्हा आम्ही कोणीच तिला, चिडू नकोस, म्हणत नाही. दर वाढदिवसाला ती आठीताईंना भेटायला जाते. त्या तिचं चित्र काढतात आणि ती म्हणते, "नाक चुकलं." गेल्या वर्षी तिथून निघताना आठीताई मला म्हणाल्या, "बाई, त्या मुलाचा पत्ता मिळाला मला. जुन्या कागदांत होता. अठराचा झाला असेल आता." मी वाट पाहिली. "चिठ्ठी टाकलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तपासली नाहीत, म्हणून चुका असतील."

उत्तर अजून आलेलं नाही. आठीताई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, सकाळी सातच्या पाळीला जातात, आणि त्यांची सध्या अकरावी वही चालू आहे.